पोलादाच्या शहरातील काच : शेफील्ड विद्यापीठाचे टर्नर संग्रहालय

शेफील्ड म्हटले की चाकू, सुऱ्या आणि पोलाद आठवते. जुन्या पिढीतील अनेक मराठी घरांत ‘शेफील्ड’ असा शिक्का असलेली एखादी कात्री किंवा वस्तरा जपून ठेवलेला असे. त्या शहराच्या मध्यभागी, पोलादतज्ज्ञ सर रॉबर्ट हॅडफील्ड यांचे नाव धारण करणाऱ्या अभियांत्रिकीच्या इमारतीत, काचेचे एक छोटे संग्रहालय आहे, ही गोष्ट मात्र शेफील्डमध्ये वर्षानुवर्षे राहिलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. टर्नर म्युझियम ऑफ ग्लास हे त्याचे नाव. ब्रिटिश म्युझियम किंवा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील काचदालन पाहिलेल्याला हे संग्रहालय आकाराने अगदीच लहान वाटेल. येथे भव्य जिने नाहीत, उपाहारगृह नाही, रांग तर नाहीच. ज्या इमारतीत विद्यार्थी पदार्थविज्ञानाचे आणि अभियांत्रिकीचे धडे घेतात, तिथेच काचेची कपाटे आहेत, आणि त्या कपाटांत काच आहे.

लंडनच्या दालनात काच ‘कला’ म्हणून मांडलेली असते: शतक, देश, कारागीर, शैली. शेफील्डमध्ये तीच काच एका प्राध्यापकाच्या वादाचा पुरावा म्हणून उभी आहे. सुंदर वस्तू आणि बिनचूक रसायनशास्त्र ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, असा तो वाद होता. तो समजून घेतल्यावाचून कपाटांपुढून फिरणाऱ्याला दिसतील ती फक्त छान फुलदाण्या आणि पेले.

शेफील्डमध्ये काच कशी आली, याचे उत्तर जमिनीखाली आहे. १६१५ साली इंग्लंडच्या राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी केली, कारण जहाजबांधणीसाठी ओक हवा होता. तेव्हापासून काचकारखाने कोळशाच्या मागे गेले आणि दक्षिण यॉर्कशायरमध्ये कोळशाला तोटा नव्हता. शेफील्ड आणि रॉदरहॅम यांच्यामध्ये कॅटक्लिफ नावाचे गाव आहे. तिथे १७४० साली बांधलेला विटांचा एक प्रचंड शंकू आजही उभा आहे. दुरून तो एखाद्या अजस्र वीटभट्टीसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो एकाच वेळी धुराडे आणि कारखाना होता: मध्यभागी भट्टी, तिच्याभोवती फुंकनळ्या घेतलेले कारागीर, आणि शंकूच्या आकारामुळे वर ओढली जाणारी हवा. पश्चिम युरोपातील या जातीच्या उरलेल्या वास्तूंमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो.

याच परगण्यातील आणखी एक वस्तू मराठी वाचकाच्या बालपणाशी जोडलेली आहे: गोटी सोड्याची बाटली. मानेत चिमटा काढलेली, आत काचेची गोटी असलेली ही बाटली हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याची. १८७० च्या दशकारंभी त्याने तिचे पेटंट घेतले आणि पुढे शेफील्डच्या उत्तरेला असलेल्या बार्न्सली येथील रायलंड्स यांच्याबरोबर भागीदारीत तिचे उत्पादन केले. बाटली उलटी धरून भरायची. सरळ केली की वायूचा दाब गोटीला मानेतल्या रबरी कड्यावर दाबून धरतो आणि बूच लागते. इंग्लंडमध्ये ती केव्हाच अडगळीत गेली. महाराष्ट्रात मात्र रसवंतीगृहांच्या शेजारी आणि जत्रांमध्ये ती अजूनही ‘फट्’ असा आवाज करीत उघडली जाते. बाटलीच्या मानेला पडणारा तो चिमटा तापल्या काचेला अचूक क्षणी द्यावा लागतो, हे तिथे सोडा पिताना कोणाच्या मनात येत नाही.

तेव्हा दक्षिण यॉर्कशायरमध्ये काच होतीच. नव्हते ते काचेचे शास्त्र. भट्टीवाल्याकडे मिश्रणाची कृती असे, बहुधा वडिलांकडून आलेली आणि कोणाला न सांगण्याची. घाण बिघडला तर वाळूला, कोळशाला किंवा हवेला दोष दिला जाई. अशा रीतीने बाटल्या निघत होत्या आणि विकल्याही जात होत्या, म्हणून कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि हा आळस एकाएकी महाग पडला.

दुर्बिणी, तोफांचे नेम धरण्याची साधने, पाणबुडीतून वर पाहण्याच्या नळ्या, सूक्ष्मदर्शके या साऱ्यांना प्रकाशीय काच लागते. युद्धापूर्वी ब्रिटनची या काचेची सुमारे ६० टक्के गरज जर्मनी भागवीत होता, सुमारे ३० टक्के फ्रान्स, आणि देशात तयार होत होती ती जेमतेम १० टक्के. प्रयोगशाळेतील चंचुपात्रे, परीक्षानळ्या आणि तापमापकांची काच जवळजवळ सगळीच जर्मनी आणि ऑस्ट्रियातून येई. जर्मनीचे हे वर्चस्व दैवाने आलेले नव्हते. १८८४ साली येना या गावी रसायनतज्ज्ञ ऑटो शॉट, भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे आणि यंत्रनिर्माता कार्ल झाइस यांनी मिळून काचशाळा काढली होती आणि मिश्रणातील एकेक घटक बदलला की काचेचा कोणता गुण बदलतो, याची शिस्तशीर नोंद केली होती. ब्रिटनकडे भट्ट्या होत्या; येनाकडे भट्ट्यांबरोबर वह्याही होत्या.

शेफील्ड विद्यापीठात त्या वेळी विल्यम अर्नेस्ट स्टीफन टर्नर नावाचे रसायनशास्त्राचे अध्यापक होते. १८८१ साली मध्य इंग्लंडमधील वेन्सबरी येथे जन्मलेले, बर्मिंगहॅमला शिकलेले, १९०४ पासून शेफील्डमध्ये शिकवणारे. काचेशी त्यांचा तोवर काही संबंध नव्हता. द्रवांमधील रेणू एकमेकांना कसे चिकटतात, हा त्यांचा विषय. युद्ध सुरू होताच विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी स्थानिक कारखान्यांना मदत करावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. पोलादवाल्यांकडून प्रश्न येतील, ही साहजिक अपेक्षा. आश्चर्य असे की काचवालेही अडचणी घेऊन येऊ लागले. टर्नर कारखाने पाहत फिरले, आणि १९१५ साली शेफील्डमध्ये काचेच्या अभ्यासाचा स्वतंत्र विद्यापीठीय विभाग उभा राहिला. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, त्यांनी सोसायटी ऑफ ग्लास टेक्नॉलॉजी स्थापन केली. कारखानदार, भट्टीवाले आणि शास्त्रज्ञ एका खोलीत बसून आपापली गुपिते थोडीफार उघड करतील, हा त्यामागचा हेतू. गुपित हेच ज्या धंद्याचे भांडवल, त्या धंद्यात ही मागणी धाडसाचीच होती.

येथे मराठी वाचकाला एक योगायोग टिपावासा वाटेल. परदेशी काचेवरील अवलंबित्व हा प्रश्न महाराष्ट्रालाही त्याच काळात बोचत होता. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या आणि लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना काढला. एकेका पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या त्या भट्टीची धुरा जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सांभाळली होती. आणि ज्या वर्षी टर्नर यांची सोसायटी स्थापन झाली, त्याच १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी आपला कारखाना सुरू केला. ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने पुढे खेडोपाडी उजेड दिला. शेफील्ड आणि ओगलेवाडी यांच्यात थेट देवाणघेवाण झाली, असा याचा अर्थ नाही. पण कंदिलाची काच तापल्यावर तडकू नये, हा ओगल्यांच्या भट्टीवरचा प्रश्न आणि तापमापकाची काच दगा देऊ नये, हा टर्नर यांच्या टेबलावरचा प्रश्न एकाच घराण्यातले होते.

ते घराणे कोणते, हे कळण्यासाठी काचेच्या पोटात थोडे शिरावे लागते. शुद्ध वाळू, म्हणजे सिलिका, वितळवायला १७०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते; जुन्या भट्टीच्या आवाक्याबाहेरची. वाळूत सोडा मिसळला की ती पुष्कळ कमी तापमानाला वितळते. पण नुसत्या वाळूसोड्याची काच पाण्यात विरघळते. तिला टिकाऊ करतो तो चुना. खिडकीची आणि बाटलीची नेहमीची काच म्हणजे ढोबळमानाने सत्तर टक्क्यांहून थोडी अधिक वाळू आणि उरलेल्यात मुख्यतः सोडा व चुना. सोडा जरा जास्त पडला तर भट्टीवाला खूश, कारण काच लवकर वितळते आणि कोळसा वाचतो. पण काही वर्षांनी तीच काच हवेतील दमटपणाने घामेजते, तिच्यावर बारीक जाळी धरते आणि शेवटी ती भुरभुरते. शिसे घातलेल्या स्फटिकासारख्या काचेचे पेटंट १६७४ साली घेणारे जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांचे आरंभीचे पेले असेच जाळी धरून निकामी झाले, आणि मिश्रण सुधारल्यावर त्यांना नव्या पेल्यांवर कावळ्याच्या डोक्याची खूण उमटवून ग्राहकांचा विश्वास परत मिळवावा लागला. पाणी काचेतून काय आणि किती ओढून काढते, याचा हिशेब टर्नर यांच्या विभागाने मांडला. ऐकायला रूक्ष वाटेल; पण इंजेक्शनच्या औषधाची कुपी सुरक्षित असावी, यामागे हाच हिशेब असतो.

दुसरा प्रश्न निवण्याचा. तापलेली काच बाहेरून लवकर आणि आतून उशिरा निवते. घाई केली तर तिच्या अंगात ताण कोंडून राहतो. वस्तू धडधाकट दिसते, आणि एखाद्या रात्री कपाटात, कोणी हात न लावता, तडकते. म्हणून तयार वस्तू वेगळ्या भट्टीत ठेवून सावकाश निववतात. किती सावकाश, हे काचेच्या घटकांवर आणि जाडीवर अवलंबून असते. अनुभवी कारागिराला ते बोटांनी कळे. नव्या मिश्रणापुढे मात्र बोटांचा अनुभव उपयोगी पडत नाही, तिथे मोजमाप लागते.

इतके लक्षात ठेवून कपाटांकडे वळले की काच निराळी दिसू लागते. टर्नर यांनी १९४३ साली हे संग्रहालय स्थापन केले. प्रवासात आणलेल्या आणि उत्पादकांकडून मिळालेल्या वस्तू हा त्याचा गाभा. संग्रहाचा भर विसाव्या शतकातील युरोपीय आणि अमेरिकी काचेवर आहे. तंत्रज्ञानाच्या विभागाला फुलदाण्या कशाला हव्यात, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला असेल. त्याचे उत्तर प्रत्येक चांगल्या सजावटी वस्तूत आहे: ती एखाद्या सुटलेल्या गणिताची नक्कल असते.

दोन रंगांचे थर एकावर एक चढवलेली फुलदाणी घ्यावी. बाहेरचा थर खोदून आतला रंग दाखवायचा, ही युक्ती रोमन काळापासूनची. पण निवताना दोन्ही काचा सारख्याच प्रमाणात आकसल्या नाहीत, तर त्या एकमेकींना फाडतात. निळ्या काचेत कोबाल्ट, हिरव्यात लोह किंवा क्रोमियम. रंग देणारा घटक बदलला की बाकीचे मिश्रणही सांभाळून घ्यावे लागते. शंभर वर्षे न तडकलेली दुरंगी फुलदाणी म्हणजे दोन काचांनी निभावलेला संसार.

लाल काच पाहताना थोडे अधिक थांबावे. तिच्यातील सर्वांत खानदानी प्रकार सोन्यापासून होतो. सोने घातलेली काच भट्टीतून निघते तेव्हा जवळजवळ रंगहीन असते. पुन्हा हलकेच तापवली की सोन्याचे अतिसूक्ष्म कण आत जमू लागतात आणि लाली उमलते. कमी तापली तर फिकी, जास्त तापली तर गढूळ. पिवळसर हिरवी, काहीशी तेलकट चमक असलेली वस्तू दिसली तर ती युरेनियमची काच असण्याचा संभव असतो; अतिनील प्रकाशात ती झगझगीत हिरवी होते. (असा दिवा खिशात घेऊन येणारे हौशी संग्राहक बरेच असतात. तो लावण्यापूर्वी विचारलेले बरे.)

स्वीडनच्या ओरेफोर्स कारखान्यात १९१६ साली ‘ग्राल’ नावाची पद्धत निघाली. रंगीत थराच्या छोट्या गोळ्यावर आधी नक्षी कोरायची, मग तो गोळा पुन्हा तापवून त्यावर स्वच्छ काचेचा थर चढवायचा आणि फुंकून मोठा करायचा. नक्षी काचेच्या आत जाते, आणि फुंकताना ताणली जाऊन जणू पाण्यात हलते आहे अशी दिसते. चित्रकार आणि भट्टीवरचा कारागीर यांच्यापैकी एकट्याला हे जमणारे नाही. टर्नर यांच्या मनातल्या काचविद्येचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

त्यांच्या घरातही हेच घडले, असे म्हणता येईल. प्रथम पत्नीच्या निधनानंतर काही वर्षांनी, १९४३ साली, म्हणजे संग्रहालयाच्या स्थापनेच्याच वर्षी, टर्नर यांनी हेलन मन्रो यांच्याशी विवाह केला. हेलन या स्कॉटिश कलावंत. काचेवरील कोरीवकाम हा त्यांचा प्रांत. जर्मनीत श्टुटगार्ट येथे विल्हेल्म फॉन आइफ या नामवंत कोरणकाराकडे त्या ही कला शिकल्या, आणि एडिंबरो कॉलेज ऑफ आर्टमध्ये त्यांनी काचेचे शिक्षण सुरू केले.

त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. फिरत्या दांड्याच्या टोकाला तांब्याची लहानशी चकती बसवलेली असते. तिच्यावर तेलात कालवलेली कुरुंदाची भुकटी सोडतात. खरे कापणारी ती भुकटी. तांबे तिला फक्त धरून ठेवते. कलावंत चकती हलवीत नाही, तर दोन्ही हातांनी काच धरून ती चकतीला खालून लावतो. म्हणजे ज्या जागी काम चालले आहे, नेमकी तीच जागा चकतीने आणि तेलाने झाकलेली असते. कापायचे खोलवर, पण पाहणाऱ्याला ते उठावासारखे दिसले पाहिजे: खोल खणलेला गाल पुढे आल्याचा भास होतो. एका चेहऱ्यासाठी अनेक आकारांच्या चकत्या बदलाव्या लागतात, आणि चूक झाली तर पुसता येत नाही.

या विवाहात हेलन यांनी घातलेला पोशाख ही संग्रहालयातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू आहे. तो काचेचा आहे: काचेच्या तंतूंपासून विणलेल्या कापडाचा झगा, त्याच कापडाची टोपी, हातातली पिशवी आणि पादत्राणे. युद्धामुळे कापडाची शिधावाटप चालू असलेल्या काळात काचेच्या प्राध्यापकाची वधू काच नेसून उभी राहिली, हे चित्र विसरण्यासारखे नाही. हा विनोद होता, जाहिरात होती की प्रेम, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. तिन्ही थोडे थोडे असावे.

कल्पना अगदीच नवी नव्हती. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात लिबी कंपनीने काचतंतू आणि रेशीम यांचा झगा मांडला होता. तो नटी जॉर्जिया केव्हन हिच्यासाठी होता. पण तो मोडता-फाटता असा दिखाऊ प्रकार. १९३० च्या दशकात अमेरिकेत काचतंतू यंत्रावर मोठ्या प्रमाणात काढता येऊ लागले, तेव्हा काचेचे कापड हा कारखान्यातला माल झाला. उष्णता आणि वीज अडवण्यासाठी युद्धकाळात त्याला मागणी होती.

जी काच जमिनीवर पडताच फुटते, ती कापडासारखी वाकते कशी? गणित सोपे आहे. कोणतीही कांडी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आणि हा ताण कांडीच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो. दहा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या काही अंशाएवढा, काचतंतू एक मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर वाकवला तर बाहेरची बाजू अर्धा टक्का ताणली जाते. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेच्या कांडीला तेवढाच ताण अर्धा मीटर त्रिज्येच्या वळणावर पडतो. काच तीच, बारीक झाली म्हणून लवचीक.

दुसरे कारण अधिक खोल आहे. १९२१ साली इंग्लंडमध्येच ॲलन ग्रिफिथ या अभियंत्याने काचेचे धागे तोडून पाहिले. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या धाग्यापेक्षा तीन-चार मायक्रॉनचा धागा, समान छेदाच्या हिशेबाने, जवळपास वीस पट मजबूत निघाला. काच मुळात दुबळी नसते. तिला दुबळे करतात ते पृष्ठभागावरचे डोळ्यांना न दिसणारे ओरखडे. धागा जितका बारीक, तितकी मोठ्या ओरखड्याला जागा कमी. पदार्थ का तुटतात, याचे आधुनिक शास्त्र या निरीक्षणावर उभे आहे. विमानाच्या पंखाची तपासणी करणारा अभियंता आजही ग्रिफिथचे समीकरण वापरतो.

आणि याच कारणासाठी तो पोशाख आज जपायला अवघड आहे. त्याला कसर लागत नाही, तो जळत नाही. पण एक तंतू दुसऱ्यावर घासला की ओरखडा पडतो. घडीच्या रेषेवर तंतू तुटतात. तुटलेली टोके त्वचेला टोचतात. सुती कापडासारखी त्याला सैल होण्याची सवय नाही. तो घालून दिवसभर वावरणे हे कौतुकाचे काम होते, सुखाचे खासच नव्हे.

टर्नर १९४५ साली निवृत्त झाले आणि १९६३ मध्ये वारले. विभागाचे नाव आणि रचना पुढे अनेकदा बदलली. काच ही धातू, मातीची भांडी आणि बहुवारिके यांच्याबरोबर पदार्थविज्ञानाच्या मोठ्या कुटुंबात सामावली गेली. शेफील्डमध्ये आज काचेवर जे संशोधन चालते, त्याचा एक महत्त्वाचा भाग अणुकचऱ्याचा आहे: किरणोत्सर्गी द्रव्य काचेत वितळवून कोंडायचे आणि ती काच पुढची हजारो वर्षे पाण्याला दाद देणार नाही, याची खात्री करायची. रेव्हन्सक्रॉफ्टच्या पेल्यावरील जाळी आणि हा प्रश्न यांच्यात तत्त्वतः फरक नाही. फक्त चुकीची किंमत वाढली आहे.

अशा संग्रहालयांचे भवितव्य मात्र आज काचेइतकेच नाजूक आहे. संडरलँड विद्यापीठ हे याचे ताजे उदाहरण. त्या गावी सातव्या शतकात मठाच्या खिडक्यांसाठी गॉल देशातून काचकारागीर आणले गेले होते. विसाव्या शतकात तेथे पायरेक्सची भांडी बनत होती. १९९८ साली तिथे वेअर नदीकाठी नॅशनल ग्लास सेंटर उघडले आणि पुढे ते विद्यापीठाच्या ताब्यात आले. २०२३ च्या आरंभी विद्यापीठाने जाहीर केले की इमारतीची दुरुस्ती परवडणारी नाही, तेव्हा ती सोडावी लागेल. त्याविरुद्ध लोकांनी मोहीम चालवली. त्याच वर्षी तोंडाने फुंकून सपाट काच बनवण्याची कला ब्रिटनमध्ये नामशेष झाल्याची नोंद हस्तकलांच्या धोकासूचीत झाली. दुसरीकडे, २०१५ साली बंद झालेल्या ब्रॉडफील्ड हाउस संग्रहालयातील संग्रहाला २०२२ मध्ये स्टोअरब्रिज येथे नवे घर मिळाले, पण मधली सात वर्षे लोटली आणि स्वयंसेवकांना घाम गाळावा लागला.

विद्यापीठाच्या हिशेबनिसाला दोष देणे सोपे आहे. इमारतीतील प्रत्येक चौरस मीटरचे उत्पन्न त्याला दाखवावे लागते, आणि तिकीट नसलेल्या कपाटाचे उत्पन्न शून्य असते. मोठ्या संग्रहालयाला वस्तू दान करून टाका, असा सल्ला दिला जातो. पण तिकडे गेलेली बरीच काच तळघरातील पेट्यांत विसावते, आणि ती जिथे राहिली तिथे एखादा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी व्याख्यानाला जाता जाता तिच्यापुढे थांबण्याची शक्यता संपते. टर्नर यांनी संग्रहालय विभागाच्या अंगणातच मांडले, यात योगायोग नसावा. किती लोक येतात हा आकडा अशा जागांच्या बाजूने किंवा विरुद्ध वापरला जातो, म्हणून येणाऱ्याने नोंदवही असल्यास तीत नाव लिहावे, ही छोटी गोष्टही उपयोगाची ठरते.

लंडनहून येणाऱ्याला सेंट पँक्रसवरून शेफील्डची थेट गाडी मिळते. मँचेस्टर आणि लीड्सहून तर हा अर्ध्या दिवसाचा प्रवास आहे. ट्राममधून वेस्ट स्ट्रीटवर उतरले की इमारत चालण्याच्या अंतरावर. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मात्र ही विद्यापीठाची नांदती इमारत असल्याने शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत ती बंद असू शकते. निघण्यापूर्वी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेळा पाहून घ्याव्यात, आणि काचेचा पोशाख पाहायचाच असेल तर तो त्या वेळी मांडलेला आहे ना, हे आधी विचारावे. संग्रह पाहायला तासभर पुरतो. उरलेल्या दिवसात कॅटक्लिफचा शंकू बाहेरून पाहता येतो. त्याच्याभोवती आता शांत घरे आहेत. मुले बरोबर असतील तर त्यांना गोटी सोड्याची गोष्ट तिथेच सांगावी. बार्न्सली तिथून फार दूर नाही.